बालगीत आणि मराठीचा नाद

आपल्या टीकावाङ्मयाचा आढावा घेऊ लागल्यास एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहत नाही. नाटक, कादंबरी, लघुकथा, भावगीत, इतकेच काय पण प्रवासवर्णन, यांचे गुणदोष दाखविणारे लेख शेकड्यांनी सापडतील. परंतु जे काव्य प्रत्येक मनुष्य सर्वांच्या आधी ऐकतो, त्या बालगीताविषयी गंभीरपणाने लिहिलेले फारच थोडे. त्याचा उल्लेख झालाच तर तो 'गोड', 'निरागस', 'बोधपर' अशा दोनचार विशेषणांत आटोपतो. पोरांसाठी लिहिलेले ते पोरकट, अशी समजूत याच्या मुळाशी असावी. आमच्या मते ही समजूत चुकीची तर आहेच, पण भाषेच्या हिताला बाधकही आहे. भाषा प्रथम कानात शिरते, मग तोंडात येते आणि बुद्धीला तिचा परिचय सर्वांच्या शेवटी होतो. ज्या मुलाच्या कानाला आपल्या भाषेच्या नादाची गोडी लागली नाही, त्याला पुढे तिचे व्याकरण शिकविता येईल, तिचा इतिहास पाठ करविता येईल, तिचा अभिमानही पढविता येईल. पण ती भाषा त्याची होणार नाही. म्हणून बालगीताची पहिली कसोटी त्यातील बोध नव्हे, त्यातील कल्पनाही नव्हे. त्यातील नाद हीच ती कसोटी होय. आणि तो नादही कोणता तरी नव्हे, तर ज्या भाषेत ते रचले आहे त्या भाषेचा स्वतःचा असला पाहिजे. हे मत आम्ही प्रस्तुत लेखात मांडणार आहो.

नादाचा भाषेच्या आयुष्याशी किती निकट संबंध आहे, हे पाहावयाचे असल्यास क्षणभर वेल्स देशाकडे दृष्टी टाकावी. इंग्लंडला लागून असलेल्या या लहानशा डोंगराळ देशाची भाषा इंग्रजीहून सर्वस्वी निराळ्या, केल्टिक कुळातली आहे. तिच्या अभिजात कवितेत 'कंग्हानेद' म्हणजे स्वरसंवाद या नावाची वर्णयोजना असते. चरणाच्या पूर्वार्धातील व्यंजने उत्तरार्धात त्याच क्रमाने परत यावीत, आतल्या आत यमके जुळावीत, असे तिचे काटेकोर नियम आहेत. साध्या बोलण्यातही आधीच्या शब्दाच्या प्रभावाने पुढच्या शब्दाचे पहिले अक्षर मऊ होते. नुसते मांजर असेल तर 'काथ', आणि 'ते मांजर' म्हणावयाचे झाले की 'गाथ'. हे नियम तेथील मूल पुस्तकातून शिकत नाही, गाण्यातून शिकते. एकोणिसाव्या शतकात हीच भाषा शाळेत बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात शिक्षा म्हणून लाकडी फळी अडकविण्याची चाल तेथे अनेक ठिकाणी होती. 1911 साली त्या देशातील शेकडा 43 हून अधिक लोक ती भाषा बोलत. 2021 च्या शिरगणतीत हे प्रमाण शेकडा 17.8 वर, म्हणजे सुमारे 5 लक्ष 38 हजार माणसांवर आले. तथापि ही भाषा मेली नाही, आणि तिला तगविणारे उपाय केवळ विद्यापीठांतून निघालेले नाहीत. 1922 साली मुलांसाठी व तरुणांसाठी 'उर्द' ही संघटना निघाली. 1939 साली ॲबरिस्टविथ येथे त्या भाषेतून शिकविणारी पहिली प्राथमिक शाळा उघडली. 1971 पासून शिशुवर्गांची चळवळ सुरू झाली, आणि तीत ज्यांच्या घरी ही भाषा उरलीच नव्हती अशी मुलेही गाण्यांच्या बोटाला धरून तिच्यात शिरली.

या भाषेतील एक जुनी अंगाई मोठ्या चमत्कारिक ठिकाणी सापडते. 'गोदोदिन' हे रणात पडलेल्या वीरांवरील विलापकाव्य तेराव्या शतकातील एका हस्तलिखितात आहे. आणि त्याच काव्याच्या मध्ये, कोणा लेखकाने उतरून घेतल्यामुळे, एक आई आपल्या बाळाला त्याच्या अंगरख्याविषयी व बापाच्या शिकारीविषयी गाऊन सांगत आहे. बापाविषयीचे सारे बोलणे भूतकाळी आहे. त्यावरून तो आता हयात नसावा असा तर्क अभ्यासक करतात. वीरगीत आणि अंगाई एकाच चर्मपत्रावर शेजारी शेजारी यावीत, हा निव्वळ योगायोग असेल; पण विचार करणाऱ्याला तो अर्थपूर्ण वाटतो. ज्या घरात रणाची बातमी येते त्याच घरात पाळणा हलत असतो.

हे वाचीत असता आम्हांस आपल्या कोकणातील उमरठ गावाचे स्मरण झाले. रायगड जिल्ह्यात, पोलादपूर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी हे गाव आहे. 4 फेब्रुवारी 1670 रोजी सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्याचे हे गाव. त्याचे स्मारक येथे आहे आणि शेलारमामाची समाधीही येथेच दाखवितात. या गावाचे नाव महाराष्ट्राच्या कानावर घातले ते इतिहासकारांनी नव्हे, तुळशीदास शाहिराने. त्याच्या पोवाड्यात जिजाबाई प्रतापगडावरून कोंढाणा पाहते, शिवाजीराजांना बोलावून त्यांच्याशी सारीपाटाचा डाव मांडते व जिंकल्यावर तो गड मागते. आणि राजांचे बोलावणे येते ते थेट उमरठास, रायबाच्या लग्नाची धामधूम चालू असता. ॲक्वर्थ व शाळिग्राम यांनी 1891 साली प्रसिद्ध केलेल्या पोवाड्यांच्या संग्रहामुळे हा पोवाडा छापील रूपाने सर्वांच्या हाती आला, आणि 1894 साली ॲक्वर्थने त्याचे इंग्रजी पद्यात रूपांतर केले.

या पोवाड्यावर आजवर जी चर्चा झाली ती बहुतेक इतिहासाच्या अंगाने. घोरपडीची कथा खरी की खोटी, सारीपाटाचा प्रसंग घडला की शाहिराने घडविला, हे वाद आपापल्या जागी योग्य आहेत. पण पोवाडा म्हणजे कागदपत्र नव्हे, ऐकावयाची वस्तू आहे. आणि तिचा सर्वांत एकाग्र श्रोता म्हणजे बापाच्या मांडीवर किंवा घोळक्याच्या पुढे बसलेले मूल. त्या मुलाला मोगल कोण, तह कशाचा, गड का हवा, यातले काही कळत नाही. त्याला डफाची थाप कळते, तुणतुण्याचा एकसुरी झंकार कळतो, आणि शाहिराची ओळ संपताच झीलकऱ्यांनी लांबविलेला 'जी जी' चा घोष कळतो. दुसऱ्या दिवशी अंगणात ते प्रथम म्हणते तेही हेच. चौकातील ओळी लहानमोठ्या असतात. शाहीर श्वासाच्या बळावर एक ओळ लांबवितो, दुसरी तोडतो, आणि झील तिला पुन्हा तालावर आणून सोडते. म्हणजे गद्याची धाव आणि पद्याचा ठेका यांचे जे मिश्रण मराठी वाक्याला स्वभावतः मानवते, त्याचा पहिला पाठ मुलाला येथे मिळतो. आणि नावे पाहा: कोंढाणा, उमरठ, मालुसरे, रायबा, शेलारमामा, उदेभान. ही नुसती उच्चारली तरी डफ वाजल्यासारखा भास होतो.

आता याच गावातील दुसरा आवाज घ्या. या बाजूच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या पहाटे जाते फिरत असे, आणि त्याच्या घरघरीवर बाईची ओवी चालत असे. मांडीवर किंवा शेजारच्या पाळण्यात मूल. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन' या ग्रंथात अशा ओव्या मोठ्या मायेने गोळा केल्या. पुढे हेमा राईरकर व गी पॉईतव्हाँ यांच्या परिश्रमाने लाखाहून अधिक जात्यावरील ओव्यांचा संग्रह झाला. त्या ओव्यांतील सासरमाहेरच्या दुःखावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. पण ते दुःख ऐकणाऱ्या तान्हुल्याच्या वाट्याला काय येत होते? दगडाच्या एका फेऱ्याएवढी लांब ओळ, तिच्या शेवटी यमकाचा टेकू आणि पुन्हा फेरा. पोवाड्यात मूल भाषेचा आवेश शिकते, ओवीत तिचा श्वास शिकते. उमरठच्या मुलाचे वाङ्मयीन शिक्षण शाळेच्या पायरीवर पाऊल पडण्यापूर्वी येणेप्रमाणे अर्धे झालेले असे.

परंतु मराठीचा स्वतःचा नाद म्हणतात तो काय? हा प्रश्न टाळून चालणार नाही. कारण मराठी भाषा राकट, कानाला बोचणारी, गोडवा पाहिजे तर बंगालीकडे जावे, असा अभिप्राय मराठी माणसेच मोठ्या औदार्याने देत असतात. ज्ञानेश्वरांनी 1290 साली आपल्या भाषेच्या गोडीची पैज अमृताशी लावली हे आपण भाषणांत सांगतो. आणि विल्टशायरमध्ये जन्मलेल्या फादर स्टीफन्सने गोव्यात राहून 1616 साली प्रसिद्ध केलेल्या 'क्रिस्तपुराणा'त मराठीची स्तुती केली, तीही आपण सांगतो. पण प्रशस्तिपत्रे दाखवून गोडी सिद्ध होत नाही; ती वर्णांत दाखविता आली पाहिजे.

प्रथम 'ळ' घ्या. संस्कृत काव्यभाषेत त्याला जागा नाही, प्रमाण हिंदी-बंगालीत नाही. परक्याची जीभ येथे अडखळते आणि तो याला कठोर म्हणतो. पण मराठीने आपले सर्वांत कोवळे शब्द याच वर्णाच्या स्वाधीन केले आहेत: बाळ, जावळ, वाळा, खेळ, आभाळ, सकाळ, ओंजळ, कळी, जिव्हाळा, आणि 'कोवळा' हा शब्द स्वतः. मावळा हा शब्दही त्यांच्याच पंक्तीचा. वेल्श भाषेतही जिभेच्या कडांवरून वारा सोडून काढावयाचा एक 'ल' आहे; इंग्रज त्याची थट्टा करतात आणि वेल्श मनुष्य त्याच्यावरून आपला माणूस ओळखतो. कोणत्याही भाषेचा जो वर्ण परक्याला बोचतो तोच बहुधा तिच्या लेकरांना लाडका असतो.

दुसरा विशेष 'च' आणि 'ज' यांच्या दुहेरी उच्चाराचा. लिहिताना अक्षर एक, पण 'चंद्र' म्हणताना जीभ टाळूला लागते आणि 'चांदोबा' म्हणताना दातांच्या मुळाशी येते. संस्कृतातून आलेला शाळेतला चंद्र एका जागी उगवतो आणि आईच्या कडेवरून दिसणारा घरगुती चांदोबा दुसऱ्या जागी. 'चिमणीची चोच' या दोन शब्दांत हा वर्ण चार वेळा येतो, दोनदा एका तऱ्हेने व दोनदा दुसऱ्या. मूल ते शब्द घोळवून घोळवून म्हणते, ते चिमणीच्या प्रेमाने नव्हे, जिभेला होणाऱ्या गुदगुल्यांनी.

तिसरा विशेष आमच्या नादानुकारी शब्दांचा. पाण्याचा लहानसा ओहोळ झुळझुळतो, दगडांवरून जाणारा खळखळतो, कड्यावरून पडणारा धो धो कोसळतो. पाऊस भुरभुरतो, रिपरिपतो, रिमझिमतो. सह्याद्रीच्या पायथ्याचा चार महिन्यांचा पाऊस ज्याने ऐकला आहे, त्याला या शब्दांतील भेद कोशात पाहावा लागत नाही. कित्येक पंडित अशा शब्दांना भाषेचे बाल्य समजतात. आम्हांस ते तिचे तारुण्य वाटते.

चौथा विशेष अधिक सूक्ष्म आहे. बोलताना आपण शब्दाच्या अखेरचा 'अ' गिळून टाकतो. 'बाळ' हा शब्द बोलण्यात एका झटक्यात संपतो. पण ओवी-अभंगात तोच शब्द दोन पूर्ण अक्षरांचा होतो. माधव जूलियन यांनी 'छंदोरचने'त वृत्त, जाती व छंद असे तीन वर्ग पाडून दाखविले आहे की, छंदात लघुगुरूचा भेद मावळतो आणि प्रत्येक अक्षर सारख्याच वजनाने उभे राहते. पाळण्याचा झोका हाच याचा मूळ ताल असावा की काय, असे वाटते: जितका पुढे तितका मागे. बोलण्याच्या घाईत तुटलेला शब्द गाण्यात मुलाला अखंड मिळतो. बालगीत मुलाला भाषा शिकविते ते या अर्थाने.

या कसोटीवर आपले बालगीतकार घासून पाहावे. जुन्या वाचनमालांतील पुष्कळशी पद्ये मुलांकरिता लिहिलेली असली तरी ती मुलांच्या बापांना उद्देशून होती. खरे बोलावे, लवकर उठावे, आळस सोडावा, हे उपदेश कोणत्याही चालीत बसविले तरी त्यांचा आवाज वडीलधाऱ्या माणसाच्या घसा खाकरण्याचाच. दोष उपदेशाचा नव्हे आणि संस्कृत वृत्ताचाही नव्हे. महाडजवळच्या शिवथरघळीत दासबोध रचला गेला अशी परंपरा आहे. त्या समर्थांचे 205 मनाचे श्लोक म्हणजे शुद्ध उपदेश, आणि वृत्त भुजंगप्रयात. तरी शेकडो वर्षे मुले ते श्लोक उड्या मारीत म्हणत आली. कारण एक लघु व दोन गुरू यांची ती चाल मुलाच्या पावलाला जमते. समर्थांनी मनाला केलेला उपदेश मुलांनी पायांनी ऐकला, आणि तो कळावयास लागला तेव्हा तो आधीच त्यांचा झालेला होता.

दत्त कवींची प्रसिद्ध अंगाई घ्या. तीतले दारिद्र्याचे दुःख मोठ्या माणसाचे आहे. बाळाला त्यातले अक्षरही कळणार नाही. असे असता ती अंगाई खोटी ठरत नाही, कारण तिचा झोका खरा आहे. बाळ झोका घेते आणि दुःख पुढे मोठेपणी घ्यावयास ठेवून देते. बालकवींची 'फुलराणी' ही आठ आठ मात्रांच्या पावलांनी पादाकुलकात चालते. तीत शब्द जोडीने येतात, वर्ण एकमेकांना हाका मारतात. ती मुलांसाठी लिहिली की मोठ्यांसाठी, हा प्रश्नच उद्भवत नाही. 1953 साली 'देवबाप्पा' चित्रपटासाठी माडगूळकरांनी लिहिलेले मोराचे गाणे घरोघर गेले, त्याचे श्रेय पु. ल. देशपांडे यांच्या चालीला व आशाबाईंच्या गळ्याला आहेच. पण चाल काढून ते नुसते वाचले तरी पाय हलतात, हे श्रेय शब्दांचे.

तथापि नादाच्या दृष्टीने आमच्या बालकवितेचा कळस कोठे झाला असे कोणी विचारील तर आम्ही विंदा करंदीकरांचे नाव घेऊ. 'स्वेदगंगा' व 'ध्रुपद' लिहिणारा, 'तालचित्रां'चे प्रयोग करणारा हा विचारप्रधान कवी 1961 साली 'राणीची बाग' घेऊन मुलांत शिरला आणि पुढे तीस वर्षे तेथेच रमला. त्यांच्या एका संग्रहाचे नावच 'अडम तडम' (1985). या दोन शब्दांना अर्थ नाही. खेळात राज्य कोणावर यावयाचे ते ठरविताना मुले असेच काही म्हणत आली आहेत. अर्थहीन शब्द निवडणे सोपे, पण मराठीच्या जिभेला शोभेल असे अर्थहीन शब्द निवडणे फार कठीण. 'पिशीमावशी आणि तिची भुतावळ' (1981) या संग्रहात त्यांनी भीतीचेच खेळणे केले. भुताचे नाव मोठ्याने व तालात म्हणता आले की भूत पळते, हे मुलांचे मानसशास्त्र त्यांना पक्के ठाऊक होते. आणि हे सर्व करणारा मनुष्य इंग्रजीचा प्राध्यापक होता. इंग्रजी बालगीतांची मौज त्याने ओळखली, पण तिचा ठेका उसना आणला नाही. आपल्या खेळगाण्यांच्या मातीत तिचे बी पेरले.

आजच्या पुष्कळ बालगीतांविषयी मात्र असे म्हणवत नाही. यमक जुळले की गीत झाले, अशी समजूत बळावली आहे. जुळविण्यासाठी क्रियापद कोठेही फेकले जाते आणि जी शब्दयोजना कोणी मूल बोलणार नाही ती त्याच्या तोंडी कोंबली जाते. वाद्यांचा साज इतका चढविला जातो की ताल पुरविण्याचे काम शब्दांकडे उरतच नाही. पडद्यावर चित्र नाचते, यंत्र गाते, आणि मूल उघड्या तोंडाने पण मुक्याने पाहत राहते. ज्या गाण्यात मुलाची जीभ हलत नाही ते गाणे त्याचे कसे म्हणावे?

याहून गंभीर गोष्ट इंग्रजी बालगीतांची आहे. आम्ही आयुष्यभर इंग्रजी शिकविली. तिचा द्वेष करणे आमच्याकडून होणार नाही. 'त्या गाण्यांना अर्थ कळत नाही म्हणून ती नकोत' हा आक्षेपही आम्ही घेणार नाही, कारण नादाला अर्थाच्या आधीचे स्थान आम्हीच दिले आहे. आमचा आक्षेप नादावरूनच आहे. इंग्रजी पद्य आघातावर चालते. एक अक्षर ठणकावून म्हणावयाचे आणि पुढची दोनतीन गिळावयाची, यात त्याची गंमत. आमच्या शिशुवर्गांतून ती गाणी सर्व अक्षरांना सारखेच वजन देऊन म्हटली जातात. परिणामी इंग्रजीचा नाद मुलाला मिळत नाही आणि मराठीचा मिळावयाची वेळ निघून जाते. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तशी ही अवस्था. महाड-पोलादपूरकडचा मनुष्य पोटासाठी मुंबईस जातो. आजी गावी राहते, मूल मुंबईच्या खोलीत वाढते. जाते तर केव्हाच अंगणात उपडे पडले, पीठ गिरणीतून येते. त्याची खंत करण्यात अर्थ नाही. बायांचे कष्ट वाचले हे चांगलेच झाले. पण जात्याबरोबर जी ओवी गेली तिच्या जागी काय आले, हा प्रश्न विचारावयास हवा, आणि त्याचे उत्तर आजच्या कवीने व शिक्षकाने दिले पाहिजे.

कोणी म्हणेल, 2011 च्या शिरगणतीप्रमाणे मराठी बोलणारे 8 कोटींहून अधिक आहेत. वेल्सच्या साडेपाच लक्षांचे उदाहरण आम्हांस कशाला? त्यावर आमचे म्हणणे इतकेच की, संख्येने भाषा टिकते हे अर्धसत्य आहे. बाजारात, कचेरीत बोलली जाणारी भाषा संख्येवर टिकेल. पण जिच्यात मनुष्य रडतो, हसतो आणि मुलाला निजवितो ती भाषा प्रत्येक घरात, प्रत्येक पिढीत नव्याने टिकवावी लागते. वेल्श लोकांना हे फळी गळ्यात पडल्यावर कळले. आमच्या गळ्यात कोणी फळी अडकविलेली नाही. म्हणूनच आम्हांस ते उशिरा कळण्याचा संभव अधिक.

उपाय फार मोठे नाहीत. बालगीत छापण्यापूर्वी ते वाद्यावाचून मोठ्याने म्हणून पाहावे, आणि दहा मुलांत ते तीनदा म्हटल्यावर चौथ्या वेळी मुलांनी ते आपण होऊन उचलले नाही तर बाजूस ठेवावे. पाठ्यपुस्तकातील कवितेवर प्रश्न विचारण्याआधी ती नुसती म्हणू द्यावी. ज्या त्या भागातील पोवाडा, ओवी, खेळगाणे त्या त्या शाळेत आणावे. उमरठच्या शाळेत तानाजीची तसबीर असणे चांगले, पण त्या शाळेतील मुलांनी झील धरणे त्याहून चांगले. आणि घरची बोली घेऊन आलेल्या मुलाचा उच्चार पहिल्याच दिवशी सुधारू नये. त्याचा कान त्याच बोलीत घडलेला असतो.

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठी शिलालेख, ताम्रपट व जुन्या पोथ्या यांची साक्ष काढावी लागली, ती योग्यच होती. परंतु ती साक्ष भाषेच्या वयाची आहे, आयुष्याची नव्हे. भाषेच्या पुढील आयुष्याची साक्ष ज्याला पाहिजे असेल त्याने पाळण्याजवळ जाऊन कान द्यावा. तेथे जे ऐकू येईल ते मराठी असेल, आणि मराठीच्या चालीने चालणारे असेल, तर पुढची चिंता करण्याचे कारण नाही. टीकाकारांनी आपला कान एकदा तिकडे वळवावा, एवढीच या लेखाची विनंती आहे.